सैनिकांची माहिती कंत्राटदारांच्या हाती किती सुरक्षित?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात घेऊन जाते. गेल्या खेपेला तिथल्या मुलाने आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाची (लष्करी सेवेच्या नोंदवहीची) पाने स्वतःच्या मोबाइलवर टिपून घेतली. स्कॅनर बंद आहे, नंतर चढवतो, म्हणाला. पंधरवड्यात कर्जाचे आणि विम्याचे फोन सुरू झाले. सुरुवातच 'हवालदारसाहेब' अशी, पलटण बरोबर, निवृत्तीचे सालही बरोबर. माहिती त्याच मोबाइलमधून गेली असे मी म्हणणार नाही, कारण हीच कागदपत्रे वडिलांनी आणखी चार ठिकाणी दिली आहेत आणि ती नेमकी कुठून फुटली हे शोधण्याचा मार्ग आमच्याकडे नाही.

निवृत्त माणसाला याचा मनस्ताप होतो. सेवेतल्या जवानाच्या मात्र ते जिवावर बेतू शकते. मार्च 2023 मध्ये हैदराबादलगतच्या सायबराबाद पोलिसांनी सुमारे 16.8 कोटी लोकांची माहिती विकणारी टोळी पकडली, तेव्हा त्या साठ्यात संरक्षण दलांतील अडीच लाखांवर लोकांचे हुद्दे, ईमेल आणि नेमणुकीची ठिकाणे असल्याचे पोलिसांनीच सांगितले होते. कोण कुठे तैनात आहे, त्याचे घर कोणत्या गावी आहे आणि त्याच्यावर कर्ज किती आहे, हे एकत्र कळले की त्याला गाठणे आणि नडवणे शत्रूला सोपे जाते.

जुलै 2020 मध्ये लष्कराने माहिती फुटू नये म्हणून जवानांना 89 ॲप मोबाइलमधून काढायला लावली. ती शिस्त योग्यच होती. परंतु पगार, पेन्शन, उपचार, विमा यांसाठी जी माहिती जवानाला द्यावीच लागते, ती पुढे डेटा एंट्री करणाऱ्या, संगणक प्रणाली सांभाळणाऱ्या आणि कागदपत्रे साठवणाऱ्या खासगी कंत्राटदारांच्या हाती गेली, तर तिथे जवानाची शिस्त काय कामाची?

2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कंत्राटदाराच्या चुकीची जबाबदारी त्याला काम देणाऱ्या संस्थेवर टाकलेली आहे, हे चांगले आहे. मात्र त्याच कायद्याच्या 17 व्या कलमानुसार देशाच्या सुरक्षेसाठी सरकार आपल्या संस्थांना अधिसूचना काढून सूट देऊ शकते. सुरक्षेसाठी दिलेली अशी सूट कंत्राटदाराच्या गैरव्यवहारावर पांघरूण ठरू नये. शिवाय 250 कोटींपर्यंतचा दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती विकली गेली त्या जवानाला त्यातला रुपयाही मिळत नाही.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये सैनिकांची माहिती बाजारातून प्रत्यक्ष विकत घेऊन पाहिली. माणशी अवघ्या 12 सेंटपासून, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे दहा रुपयांपासून, नाव, पत्ता, कुटुंब आणि आजारांपर्यंतचा तपशील त्यांच्या हाती आला. तिथे ती माहिती राजरोस विकणाऱ्या कंपन्या आहेत, आपल्याकडे हा धंदा चोरून चालतो. एवढ्या फरकाने समाधान मानावे असे मला वाटत नाही.

म्हणून संरक्षण मंत्रालयाला माझी विनंती आहे की, जवान आणि माजी सैनिकांची माहिती ज्याच्या हाताखालून जाते अशा प्रत्येक कंत्राटात ती विकण्यास, इतरांना देण्यास आणि न सांगता पोटकंत्राटदाराकडे सोपवण्यास स्पष्ट बंदी असावी. ती कोणी, केव्हा उघडली याची नोंद राहावी, काम संपल्यावर ती नष्ट केल्याचा दाखला घेतला जावा आणि बंदी मोडणाऱ्याला काळ्या यादीत टाकावे. कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर ही कागदपत्रे टिपण्याची मनाईही त्याच कंत्राटात असावी, आणि अशी तक्रार कोणाकडे करायची ते प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर मराठीत लिहिलेले असावे.

आपली विश्वासू,
एका माजी सैनिकाची मुलगी,
कोरेगाव, जि. सातारा