तवंदी घाटात बंद पडणारी गाडी आणि मेस्त्रीमामांचे ऋण

आदरणीय मेस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव छापू नये असे आपण मला बजावले आहे, म्हणून उद्यमबागेत सगळे आपल्याला ज्या हाकेने ओळखतात तीच वापरून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या आपल्या पट्ट्यात ज्यांच्या दारी एखादी जुनी परदेशी मोटार उभी आहे आणि ज्यांना "या गाडीचा सेन्सर आता येत नाही" असे उत्तर मिळाले आहे, त्यांनी गाडी भंगारात देण्यापूर्वी आपण माझ्यासाठी काय केले ते वाचावे.

निपाणीत तंबाखूच्या व्यापाराचे दिवस बरे होते तेव्हा वडिलांनी ही १९९७ सालची जर्मन गाडी एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली. गेल्या उन्हाळ्यात ती तवंदी घाटात चढावर अचानक बंद पडली. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर काहीच न घडल्यासारखी सुरू झाली आणि पुढच्या आठवड्यात जवळपास त्याच वळणावर पुन्हा थांबली. त्यानंतर फ्युएल पंप, रिले, प्लग असे एकेक बदलण्यात माझे बरेच पैसे गेले. शेवटी एका ठिकाणी स्कॅनर लावल्यावर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचे फिरणे कंट्रोल युनिटला कळवणाऱ्या सेन्सरचा, दोष निघाला आणि त्याच दमात, तो क्रमांक आता बंद झाला आहे, असेही सांगण्यात आले. ऑनलाइन मागवलेले दोन सेन्सर खोक्यावरचा क्रमांक बरोबर असूनही चालले नाहीत. एकाने तर गाडी सुरूच होऊ दिली नाही.

आपल्याकडे मी आले ती हे सगळे झाल्यावर, आणि खरे सांगायचे तर गाडी विकण्याचे मनाशी ठरवून. आपण बॉनेट उघडण्याआधी मला अर्धा तास प्रश्न विचारलेत. गाडी गारठ्यात बंद पडते की उन्हात, बंद पडताना टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा हळू उतरतो की एकदम शून्यावर येतो, थांबल्यानंतर किती वेळाने सुरू होते, असे प्रश्न त्याआधी मला कोणीही विचारले नव्हते. मग आपण सेन्सर काढून मल्टिमीटरला जोडलात आणि हॉट एअर गनने त्याला हळूहळू तापवू लागलात. आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, २५ अंशांवरून १०० अंशांवर गेले तर तांब्याचा रोध सुमारे २९ टक्क्यांनी वाढणारच, तेवढी वाढ हा दोष नव्हे, हे आपण मला आधी समजावलेत. ८८० ओमपासून आकडा शिस्तीत चढत गेला आणि एका क्षणी मीटरने रोध दाखवणेच सोडले, म्हणजे आत तार तुटली होती. सेन्सर थंड झाला तसे तिचे टोक पुन्हा टेकले आणि आकडा परत आला. घाटातला तो अर्धा तास मला आपल्या टेबलावर पाहायला मिळाला.

यानंतर आपण जे दाखवलेत त्यासाठी मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे. सेन्सरवरचा तेलकट थर पुसल्यावर गाडीच्या कंपनीच्या क्रमांकाखाली दुसरा एक दहा आकडी क्रमांक दिसला. तो सेन्सर बनवणाऱ्या बॉश कंपनीचा होता. गाडी बनवणारा हे सेन्सर स्वतः बनवत नाही, त्यामुळे त्याच्या यादीतून क्रमांक गेला म्हणून वस्तू जगातून गेली असे होत नाही, हे आपले म्हणणे मला त्या दिवशी पटले. ०२६१२१० ने सुरू होणारे क्रमांक क्रँकच्या वेग-सेन्सरांचे, ०२८०१३० ने सुरू होणारे तापमान-सेन्सरांचे, आणि शेवटचे तीन आकडे त्या कुळातला नेमका नग सांगणारे, एवढे कळल्यावर शोधाची दिशाच बदलली. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरील आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडे त्याच कुळातला, न वापरलेला सेन्सर निघाला. तो होता दुसऱ्या गाडीसाठीचा.

कुळ एक म्हणून तो लगेच बसवायचा नसतो, हेही आपणच सांगितलेत. व्हर्नियरने सेन्सरच्या नाकाची, म्हणजे पुढच्या टोकाची, लांबी मोजून फ्लायव्हीलच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चाकाच्या) दात्यांपासून अंतर जुन्याइतकेच राहील याची आपण खात्री केलीत. कप्लर (तारा जोडण्याचा प्लग) वेगळा होता, म्हणून जुन्याचा कप्लर कापून नव्याच्या केबलला डाख देऊन जोडलात आणि शिल्डची (केबलभोवतीच्या संरक्षक वेष्टनाची) तार एकाच टोकाला अर्थ केलीत. दोन सिग्नल-तारा उलटसुलट झाल्या तर सिग्नलची लहर उलटी होते आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटला दात्यांची जागा चुकीची कळते, म्हणून जोडण्यापूर्वी ऑसिलोस्कोपवर (ही लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) जुन्या आणि नव्या सेन्सरची लहर आपण शेजारी शेजारी लावून पाहिलीत. माझ्या आधीच्या दोन सेन्सरांपैकी एकाचे नाक दीड मिलिमीटरने आखूड होते. खोक्यावरचा क्रमांक पाहून ते मला कधीच कळले नसते.

बसवायच्या दुसऱ्या, म्हणजे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान-सेन्सरचे काम त्या मानाने सोपे झाले, तरी तेही लिहिते, कारण ते कोणालाही घरी करता येईल. पातेल्यातल्या पाण्यात सेन्सर आणि थर्मामीटर एकत्र सोडून आपण तीन ठिकाणी रोध मोजलात. हा सेन्सर तांब्याच्या उलट वागतो, तापेल तसा त्याचा रोध घटतो. २० अंशांना सुमारे २५०० ओम, ८० अंशांना ३२० च्या आसपास आणि उकळत्या पाण्यात १८७ च्या जवळ, असे आकडे मिळाले तेव्हाच आपण तो बसवण्याजोगा ठरवलात. वायरिंगवरचे इन्शुलेशन जागोजागी तडकून तारा उघड्या पडल्या होत्या. ते आपण न सांगता बदलून टाकलेत, आणि नव्या सेन्सरांनाही याच तारांनी पुन्हा फसवले असते, एवढे एकच वाक्य बोललात.

मजुरी आपण अडीच दिवसांची लावलीत. माझ्या हिशेबाने काम पाच दिवसांचे होते. आपण ऐकले नाहीत म्हणून मी जे. सी. रोडच्या त्याच दुकानातून तसलाच आणखी एक क्रँक सेन्सर मागवला आहे आणि तो या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. कप्लर बदललेला नाही, नाकाची लांबी मी स्वतः मोजून चिठ्ठीवर लिहिली आहे. माझ्यासारखे कोणी दारात आले तर तो त्यांना द्यावा. पैसे घ्यायचे की नाही, ते आपण ठरवावे.

परवा भर दुपारी वडिलांना शेजारी बसवून तवंदी घाटातून बेळगावला आले. त्या वळणावर त्यांनी काटा पाहिला, मीही पाहिला, आणि गाडी वर गेली.

आपली कृतज्ञ,
निपाणीची आपली भाची