सूचना : ओल आणि गळतीची तपासणी

सर्व सभासद व तळमजल्यावरील दुकानदारांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळी १० पासून तज्ज्ञांकडून इमारतीची ओल-तपासणी होईल. पाऊस सुरू होण्याआधीच ती उरकायची आहे.

भिंतीलगतची कपाटे आदल्या रात्री पुढे ओढून ठेवावीत. ओलीच्या डागांवर कृपया नवा रंग मारू नये (काहींनी पुट्टीसुद्धा आणून ठेवली आहे म्हणे!), कारण डागाचा आकार आणि जागा यांवरूनच पाणी कुठून येते ते कळते. नुसत्या मॉइश्चर मीटरवर (ओल मोजणाऱ्या यंत्रावर) विसंबता येत नाही; क्षार साचलेल्या प्लास्टरवर तो उगाच जास्त आकडा दाखवतो. म्हणून संशय असलेल्या बाथरूममध्ये मोरी बंद करून रंगीत पाणी साठवले जाईल. तेवढा वेळ ते बाथरूम वापरता येणार नाही. दुकानांच्या भिंतींत पायथ्याकडून वर चढणारी ओल वेगळी पाहिली जाईल.

गच्ची, बाहेरच्या भिंती व सामाईक पाइपांतील गळतीचा खर्च आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांनुसार) संस्थेचा. संडास-बाथरूम, सिंकमधील अंतर्गत गळतीचा संबंधित सभासदाचा. अहवाल येईपर्यंत वरच्या मजल्याशी भांडू नये, ही विनंती.

घर बंद असल्यास किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी.

— सचिव, व्यवस्थापक समितीच्या वतीने