रतनगड ते हरिश्चंद्रगड : पाठपिशवी मोहिमेची सूचना

सर्व संघनायक, स्काऊट आणि पालकांसाठी,

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी आपली तीन दिवसांची मोहीम निघतेय. आदल्या दिवशी, गुरुवारी रात्री १० वाजता शाळेच्या फाटकाशी जमायचे. गाडी थांबणार नाही.

मार्ग : रतनवाडी, अमृतेश्वर मंदिर, रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत (मुक्काम). दुसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. रविवारी उतरून परत.

– वय १४ पूर्ण हवे. पालकांचे संमतीपत्र आणि डॉक्टरांचा दाखला मोहिमेआधीच्या रविवारच्या सभेत द्या.
– पाठपिशवी ८ किलोच्या वर नको. सभेला भरूनच आणा, तिथे वजन करू. मागच्या वेळी एकाच्या पिशवीतून लोणच्याची अख्खी बरणी निघाली होती!
– पाणी प्रत्येकी ३ लिटर. खिंडीच्या वाटेवर पाण्याचा भरवसा धरू नका. टाक्यातले पाणी उकळूनच प्यायचे.
– गडावर रात्री हाडे गोठतात. स्वेटर, कानटोपी, विजेरी हवीच.
– नवे बूट नकोत, घासतात.

हे अभयारण्य आहे. शेकोटी नाही, स्पीकर नाही, कचरा परत आणायचा. कोकणकड्याच्या (हरिश्चंद्रगडाचा उभा, खोल कडा) कडेला शिक्षकांशिवाय कोणी जाणार नाही. हा नियम मोडणारा पुढच्या मोहिमेला नसेल.