फोटोतल्या झुरळापायी उकिरड्यावर विष

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या गावात मोबाइलवर एक फोटो फिरला. हातावर बसलेलं बोटभर लांब झुरळ, फिकट पंख, मानेवर मोठा काळा डाग. खाली मजकूर : 'नवी जात आली, सावध राहा.' दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराने कपाशीवरचं उरलेलं औषध पंपात भरून सगळ्या उकिरड्यावर मारलं. मी हटकलं तर म्हणाला, "बाई, हे झुरय उकिरड्यातूनच घरात घुसते." संध्याकाळी तिथे उकरणाऱ्या त्यांच्याच दोन कोंबड्या सकाळी मेलेल्या सापडल्या.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून राहवत नाही. फोटोतल्या झुरळाचं शास्त्रीय नाव 'ब्लॅबेरस जायगँटियस'. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ मध्येच त्याची नोंद केली. ते राहतं मध्य अमेरिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या दमट जंगलात, झाडांच्या ढोलीत, वटवाघळांच्या गुहेत. कुजकी फळं, पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा हे त्याचं खाणं. मादी अंड्यांची पिशवी पोटातच सांभाळते आणि जिवंत पिल्लं बाहेर येतात. आपल्या उकिरड्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्याच्याच कुळातलं सुरिनाम झुरळ मात्र खतात सापडतं. नाव परदेशी, मूळ आपल्याच आशियातलं. जेमतेम दोन सेंटीमीटर, चकचकीत, मातीत शिरून राहणारं. यात माद्याच नराशिवाय माद्यांना जन्म देतात. ते काडीकचरा खाऊन कुजवतं. त्याचा एक दोषही सांगते : कोंबड्यांच्या डोळ्यांत होणारा एक जंत याच्या पोटात वाढतो आणि कोंबडीने ते टिपलं की तिच्या डोळ्यापर्यंत जातो. त्यावर उपाय म्हणजे खुराडं कोरडं आणि उकिरड्यापासून लांब ठेवणं. कपाशीचं औषध नव्हे.

२०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-मजूर गेले, ते आपणच छापलं होतं. तो पोरगाही उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता फवारत होता. त्याच्या आईने तेच खत वांग्याच्या वाफ्यासाठी राखलं होतं.

तो फोटो अजून फिरतो आहे. तो कुठल्या किड्याचा, हे आपल्या अंकात चित्रासह छापाल का? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते कात्रण मी स्वतः लावीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ