रस्ता ओलांडताना आधी डावीकडे

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे विमानतळावर नीट बोलणे होणार नाही, म्हणून हे पत्र तुझ्या फाइलमध्ये प्रवेशपत्राच्या मागे ठेवीत आहे. काल जेवताना मी पुन्हा त्याच गोष्टीवरून आवाज चढवला आणि तू भरल्या ताटावरून उठलीस, ते रात्रभर मनाला लागून राहिले. रस्त्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तुझ्या प्रवासाचा सगळा मार्ग मी तपासला. पासपोर्टची तपासणी फ्रँकफुर्टलाच होईल, तेव्हा विमान बदलताना रांगेत वेळ मोडणार हे धरून चाल. बर्लिनला उतरल्यावर ती पुन्हा नाही. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे. तो भाग तिकिटाच्या ‘सी’ विभागात येतो, म्हणून तिकीट ‘एबीसी’ असेच माग, ‘एबी’ चालणार नाही. फलाटावर जाताना तिथे फाटक नसते, कोणी अडवीत नाही. पण कागदी तिकिटावर शिक्का नसेल, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या पेटीत तो मारून घ्यावा लागतो. तो राहिला, तर तिकीट असूनही विनातिकीट धरतात आणि ६० युरो दंड करतात. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. तुझे सेमिस्टरचे तिकीट १ ऑक्टोबरपासून लागू होईल, तोवर दर खेपेला तिकीट काढ, एका स्थानकापुरते जायचे असले तरी.

शहराचा नकाशा मी आता पुष्कळसा पाठ केला आहे. शहराला वेढा घालणारी जी लोकल आहे, तिच्यातली एस ४१ प्रदक्षिणेच्या दिशेने जाते आणि एस ४२ उलट. पूर्ण फेरीला साधारण एक तास लागतो. कधी वाट चुकलीस आणि या गाडीत असलीस, तर घाबरू नकोस, तासाभरात पुन्हा त्याच स्थानकावर येशील. विद्यापीठात जाताना झेश्ट्रासे स्थानकावर भुयारी रेल्वेची यू ६ पकड, पुढच्याच लिओपोल्डप्लात्सला उतरून यू ९ ने झूलॉगिशर गार्टन, आणि तिथून यू २ चे एकच स्थानक. या यू ६ विषयी वाचून मी फार वेळ बसून राहिलो. ऑगस्ट १९६१ मध्ये शहराची फाळणी पक्की झाल्यावर पश्चिमेची ही गाडी पूर्व बर्लिनच्या पोटातून जायची, पण फ्रीडरिशश्ट्रासे सोडले तर मधल्या एकाही स्थानकावर थांबायची नाही. अंधाऱ्या फलाटांवर फक्त पहारेकरी उभे असायचे. ३२ वर्षे मी एसटीच्या गाड्या लावल्या आणि सोडल्या, तेव्हा स्थानक असून गाडी न थांबणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आता तू त्याच गाडीत बसणार आहेस.

तुझ्या खोलीसमोरचा झेश्ट्रासे हा रस्ता मी फोनवर पाहिला. फार रुंद आहे आणि मधोमध ट्रामचे रूळ आहेत. ट्राम एसटीसारखी घरघरत येत नाही, जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि पट्ट्यांवरून चालणाऱ्यासाठीही ती थांबत नाही. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्त्यावर पाऊल टाकताना आधी डावीकडे बघायचे. आपली मान जन्मभराच्या सवयीने आधी उजवीकडे वळते. हिरवा दिवा लागला तरी वळणारी गाडी आली का, ते पाहा. पदपथावर लाल फरशीचा पट्टा दिसला, तर तो सायकलींचा, त्यावर उभी राहू नकोस. आणि कानात ते इयरफोन घालून रस्ता ओलांडू नकोस, मृण्मयी.

काढलाच शेवटी विषय. मला क्षमा कर.

तू पाच वर्षांची होतीस. शाळेला सुट्टी म्हणून तुला ड्युटीवर घेऊन आलो होतो. तीन नंबरच्या फलाटावरची गाडी मागे येत होती, कंडक्टर शिटी वाजवत पत्र्यावर थाप मारत होता, आणि तू माझे बोट सोडून त्या चाकाच्या दिशेने गेलीस, कारण तुझी लिमलेटची गोळी तिकडे घरंगळली होती. थाप थांबली, गाडी थांबली. मी तुला उचलले आणि त्याच हाताने थोबाडीत मारली. तू रडली नाहीस, मुठीतली गोळी मला दाखवलीस. तिला ऑइल लागले होते. त्या थोबाडीबद्दल मी तुझ्याशी आजवर कधीच बोललो नाही. अण्णांचे तसे झाल्यावर तर या घरात रस्त्याविषयी बोलणेच बंद झाले. आई अजूनही विषय निघाला की आत निघून जाते. काल ताटावर जे ओरडलो, ते तुझ्यावर नव्हते.

तुझे प्रवेशपत्र मी डेपोत नेऊन सगळ्यांना दाखवले, हे तुला माहीत नाही. जुन्या साहेबांनी ते दोनदा वाचले.

शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर भुयारी गाड्या चालतात, इतर रात्री त्यांच्या जागी बस असते. उशीर झाला तर थांबा जवळचा निवड, अंधारातून पायी येऊ नकोस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातील आणि आपल्यातले अंतर साडेतीनाचे साडेचार तास होईल, हे आईला मी सांगेन, नाहीतर फोन उशिरा आला म्हणून ती काळजी करील. पोचल्याचा फोन मात्र चालता चालता करू नकोस. ट्रामचे रूळ ओलांडून, खोलीत जाऊन, दार लावून मग कर.

तुझे,
बाबा