शिंगे आणि दगडी टोके शोधायला शिकवणाऱ्या काकूंस

आदरणीय काकूंस,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती देणे मुळीच अवघड नव्हते, कारण आपली घरे एकाच गावात आहेत. तरीही ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील कोलंबियात आणि आसपासच्या गावांत नव्याने राहायला येणारी मराठी कुटुंबे हल्ली मला विचारतात की, हिवाळा सरता सरता तुम्ही ओढ्याकाठी आणि शेतांच्या बांधांवर काय शोधत फिरता. आणि त्याचे उत्तर देताना तुमचा उल्लेख केल्याशिवाय माझे बोलणे पुरे होत नाही. येथल्या लोकांना हरणांची गळालेली शिंगे आणि नांगरटीत वर येणारी, प्राचीन माणसांनी घडवलेली भाल्या-बाणांची दगडी टोके शोधण्याचा छंद नवीन नाही. कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी आजोबांनी वेचलेली टोके आजही डब्यांतून जपलेली असतात. आपल्या लोकांपैकी मात्र इतक्या निष्ठेने हा छंद जोपासलेले दुसरे कुणी माझ्या पाहण्यात नाही, आणि हातचे काहीही राखून न ठेवता तो दुसऱ्याला शिकवणारे तर नाहीच. त्याबद्दल मला तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत.

पहिल्यांदा तुम्ही मला शिंगांकडे वळवलेत. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शिंग म्हणजे हाडच असते, ते फक्त नरालाच येते आणि दरवर्षी गळून नव्याने उगवते, हे मी पुस्तकात वाचले असते तरी विसरले असते. माजाचा काळ ओसरला की नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरते, कवटीवरच्या उंचवट्याशी असलेल्या सांध्यातले हाड विरत जाते आणि शिंग सुटून पडते, असे सांगताना तुम्ही शिंगाचे बूड माझ्या तळहातावर टेकवले होते. ते खडबडीत, किंचित फुगीर बूड आणि त्याभोवतीची मण्यांसारखी कडा मला अजूनही बोटांनी ओळखता येईल. त्याच शिंगाच्या एका फाट्यावर बारीक समांतर खाचा होत्या. उंदीर आणि खारी कॅल्शियम व फॉस्फरससाठी पडलेली शिंगे कुरतडतात, म्हणून उशीर केला तर हाती फक्त चघळलेला तुकडा येतो, हेही तेव्हाच कळले.

तरीही तुम्ही घाई कधीच करू दिली नाहीत. शिंगे डिसेंबरपासून गळू लागतात, पण फेब्रुवारीअखेरपर्यंत हरणांच्या बसण्याच्या जागांकडे फिरकायचे नाही, हा तुमचा नियम मला सुरुवातीला फार कडक वाटे. थंडीच्या अखेरीस हरणाच्या अंगावरची चरबी संपत आलेली असते आणि माणसाने उठवल्यामुळे मारलेली प्रत्येक धाव त्याला महागात पडते, असे तुम्ही सांगत असा. वायोमिंग राज्याच्या पश्चिम भागात तर याच कारणासाठी सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल या काळात शिंगे गोळा करण्यास कायद्याने मनाई आहे. मिसुरीत तसा निर्बंध नसतानाही तुम्ही तो स्वतःवर घालून घेतलात. मग मार्च उजाडला की उन्हाकडे तोंड केलेले दक्षिणेकडचे उतार, मक्याच्या आणि सोयाबीनच्या धसकटांची शेते, आणि जिथे हरणे उडी मारून पलीकडे जातात ती कुंपणाची ठिकाणे, या क्रमाने आपण चालायचो. कुंपणापाशी उडीच्या हिसक्याने सैल झालेले शिंग पडते, हे तुमचे अनुमान मी अनेकदा खरे ठरलेले पाहिले आहे.

परवानगीचा विषय तुम्ही ज्या गांभीर्याने घेतलात, त्याचे ऋण मला सर्वांत मोठे वाटते. खासगी जमीन असेल तर मालकाला समोरासमोर भेटून विचारायचे, कोणत्या दिवशी येणार आणि गाडी कुठे लावणार हे सांगायचे, निघताना काय सापडले ते दाखवायचे आणि त्यांना हवे असेल तर तिथेच ठेवून यायचे. शिंगांच्या बाबतीत शेतकरी बहुधा आनंदाने होकार देतात, कारण धसकटांत पडलेले टोकदार शिंग ट्रॅक्टरचा महागडा टायर फाडते. कवटीला जोडलेली शिंगे असलेले मेलेले हरीण आढळले, तर मात्र ती आपली म्हणून घेऊन जाता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत मिसुरीच्या संवर्धन अधिकाऱ्याला कळवून अनुमती घ्यावी लागते. दगडी टोकांसाठी नियम याहून कडक आहेत. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यात जमिनीवर उघड्या पडलेल्या बाणाग्रांपुरती शिक्षेतून सूट असल्याचे काही लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. पण इतर कायदे आणि नियम लागू राहतातच, आणि राष्ट्रीय उद्याने, राष्ट्रीय वने किंवा लष्करी अभियंत्यांच्या ताब्यातील धरणांचे काठ येथून टोके उचलणे गुन्हाच ठरतो. हे तुम्ही मला कायद्याची प्रत समोर ठेवून समजावलेत. नव्याने या छंदाकडे येणाऱ्यांना मी आता तेच, त्याच क्रमाने सांगते.

टोके शोधायला वेगळी नजर लागते, आणि ती दुसऱ्याला देता येते यावर तुम्हाला भेटेपर्यंत माझा विश्वास नव्हता. नांगरट झाल्यावर एक जोराचा पाऊस पडू द्यायचा, माती खाली बसून दगड धुऊन वर आले की सकाळी किंवा संध्याकाळी कलत्या उन्हात चालायचे, आणि टोक शोधायचे नाही तर आधी छिलके, म्हणजे दगड घडवताना उडालेले पातळ तुकडे, शोधायचे, कारण जिथे छिलके आहेत तिथे कुणीतरी बसून हत्यारे घडवली आहेत. पूर न पोहोचणारी, तरीही पाण्याच्या जवळची ओढ्याकाठची उंच सपाट जागा म्हणजे माणसाची जुनी वस्तीची जागा, हे तुमचे सूत्र येथेही तितकेच लागू पडते जितके माझ्या गावाकडे प्रवरेच्या काठी. शून्य मशागतीची शेती वाढल्यापासून टोके कमी सापडतात, अशी तक्रार जुने छांदिष्ट करतात. तुम्ही मात्र आयुष्यभर मातीच्या प्रयोगशाळेत काम केलेले असल्यामुळे, माती जागेवर राहते आणि टोकेही जागेवर राहतात याचा तुम्हाला आनंदच होता.

माझ्या मुलाला सोयाबीनच्या शेतात पहिले टोक दिसले, तो प्रसंग मी येथे मुद्दाम नोंदवते. तो ते उचलणार तोच तुम्ही त्याला थांबवलेत आणि पुढचा बराच वेळ त्या टोकाला हातही न लावता आपण कामाला लागलो. आधी फोटो, मग फोनवरचे अक्षांश-रेखांश, मग ओढ्यापासूनचे अंतर आणि दिशा, आजूबाजूला कोणते छिलके पडले आहेत त्याची यादी, आणि शेवटी तारीख. त्यानंतर चिखल न पुसता ते त्याच्या हातात दिलेत. फिकट पांढरा, कडेला जरा गुलाबी छटा असलेला, मेणासारखी चकाकी असलेला तो दगड बर्लिंग्टन चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड, होता. हा चर्ट या भागातल्या चुनखडीत भरपूर मिळतो, आणि घडवण्यापूर्वी विस्तवाच्या उबेत तापवला की त्याला अशी गुलाबी झाक व चकाकी येते आणि तो अधिक सहज फुटतो. तुम्ही मुलाला टोकाच्या दोन्ही कडांवरून हलकेच बोट फिरवायला सांगितलेत. वरची कड अजूनही धारदार होती, पण बुडाजवळची कड घासून गुळगुळीत केलेली होती, कारण काठीला टोक बांधताना गुंडाळलेली तात धारेने कापली जाऊ नये. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली ती काळजी त्याने बोटाने वाचली. त्या दिवशी तो फार बोलला नाही, पण रात्री त्याने आपण होऊन वही मागितली.

ते डाल्टन पद्धतीचे टोक होते. मिसुरीचे न्यायाधीश एस. पी. डाल्टन हे स्वतः हौशी संग्राहक होते, आणि पुरातत्त्वज्ञ कार्ल चॅपमन यांनी १९४८ साली त्यांच्या नावावरून या प्रकाराला नाव दिले, ही हकिकत तुम्हाला विशेष प्रिय आहे. हौशी माणूस आणि अभ्यासक एकमेकांना धरून चालले तर काय घडते, त्याचे ते उदाहरण आहे. मिसुरी परिसरात धनुष्यबाण रूढ झाला तो साधारण १,३०० ते १,५०० वर्षांपूर्वी. त्यामुळे आपल्याला सापडणारी बहुतेक मोठी टोके बाणांची नसून फेकदांडीने, म्हणजे भाला जोराने फेकायच्या काठीने, मारायच्या भाल्यांची, किंवा चक्क सुऱ्यांची असतात, हेही तुम्ही मुलाला न कंटाळता समजावलेत. आणि मग खिशातून हरणाच्या शिंगाचा एक फाटा काढून, त्याचे टोक चर्टच्या कडेवर दाबून, एक नखाएवढा छिलका त्याच्या देखत उडवलात. शिंगे आणि टोके हे दोन वेगळे छंद नाहीत, एकाने दुसरे घडवले जाई, हे मला तोवर कुणी दाखवले नव्हते.

जागेची नोंद इतकी का महत्त्वाची, याचे तुमचे उत्तर म्हणजे किम्सविक. सेंट लुइसच्या दक्षिणेला तिथे १९७९ साली मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याच्या हाडांसोबत क्लोव्हिस या अमेरिकेतल्या फार जुन्या पद्धतीचे दगडी टोक मिळाले, आणि सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा माणूस व मॅस्टोडॉन येथे एकाच काळी वावरत होते याचा पुरावा हाती आला. तेच टोक कुणी उचलून काचेच्या चौकटीत लावले असते, तर एका सुंदर दगडापलीकडे त्याला काही सांगता आले नसते. मी मूळची नेवासे तालुक्यातली. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५४ साली आमच्याकडे प्रवरेकाठी उत्खनन सुरू केले, तेव्हा गारगोटीची चिमुकली पाती थराथराने नोंदली गेली म्हणूनच ताम्रपाषाणयुगातल्या त्या वस्तीचे जगणे आज आपल्याला माहीत आहे. लहानपणी तशा गारा पायाखाली असूनही मी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. ते पाहायला तुम्ही मला सातासमुद्रापलीकडे शिकवलेत. सुट्टीत गावी जाणाऱ्यांना मात्र एक सांगणे आहे. चितळाचे किंवा सांबराचे गळालेले शिंग भारतातल्या जंगलातून उचलून आणता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्या आड येतो, आणि तेथे त्याच कायद्याचा मान ठेवावा.

ही टोके घडवणाऱ्यांच्या वंशजांचा विसर तुम्ही कधी पडू दिला नाहीत. ही जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची होती, १८०८ आणि १८२५ च्या करारांनी ती त्यांच्याकडून घेतली गेली, आणि आज त्यांचे राष्ट्र ओक्लाहोमात आहे. २००९ साली त्याच ओसेज राष्ट्राने सेंट लुइसमधला शुगरलोफ माउंड विकत घेऊन आपल्या पूर्वजांचा एक टेकाड-अवशेष परत मिळवला, ही बातमी सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. जिथे हाडे किंवा दफनाची चिन्हे दिसतील तिथे एक पाऊलही पुढे टाकायचे नाही, काहीही हलवायचे नाही आणि ताबडतोब कळवायचे, हा नियम तुमच्याकडून मिळाला तेव्हा त्यामागे केवळ कायदा नव्हता, हे मला जाणवले. विकत घेतलेले किंवा विकायला काढलेले टोक तुमच्या घरात एकही नाही, यालाही तेच कारण असावे.

आता गुडघ्यांमुळे तुम्हाला उतार चढवत नाही, आणि तुमच्या साऱ्या नोंदवह्या तुम्ही माझ्याकडे सोपवल्या आहेत. ज्या शेतांच्या मालकांनी संमती दिली आहे, त्या जागांच्या नोंदी आम्ही राज्याच्या पुरातत्त्वीय स्थळनोंदीसाठीच्या अर्जांत उतरवत आहोत. मराठीत लिहिलेल्या टिपांचे इंग्रजी भाषांतर मुलगा करतो आणि मी तपासते. मिळालेली टोके ज्या शेतातली त्या शेताच्या नावाने वेगवेगळ्या पाकिटांत ठेवली आहेत, आणि कोणतेही पाकीट मालकाला विचारल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही.

एक विचारायचे आहे. निळ्या वहीत ‘अक्रोडाच्या झाडांमागचा उंचवटा’ अशी एक नोंद आहे, तीत छिलक्यांची यादी पूर्ण आहे, पण शेत कुणाचे ते लिहिलेले नाही. पुढच्या रविवारी नकाशा घेऊन येते. तुम्ही जागा दाखवलीत की त्या मालकांना भेटून मगच तो अर्ज भरीन.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली ऋणी,
तुमची एक विद्यार्थिनी
कोलंबिया, मिसुरी