सापात पाठवणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "घरच्या माणसांचे आभार मानतात का गं?" म्हणता आणि गाडी थेट काकूंच्या थालीपिठावर नेता. तीनदा झालं असं. म्हणून आता चारचौघांत लिहितेय, इथे विषय बदलता येणार नाही. शिवाय इकडे टेक्सासात शिकायला आलेलं एखादं मराठी पोरगं मित्रांच्या नादाने पहिल्यांदा स्पीडबॉल (रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचं, त्या पेंटबॉलचा मैदानावरचा प्रकार) खेळायला जाणार असेल, तर त्याच्याही उपयोगी पडेल.

माझा पहिला दिवस तुम्हाला आठवतोच, कारण तुम्ही तो सगळ्यांना नक्कल करून दाखवता. भाड्याची गन, वाफ धरणारा मास्क, आणि मी सगळ्यात मागच्या मोठ्या बंकरला, म्हणजे हवा भरून फुगवलेल्या आडोशाला, पाठ चिकटवून बसलेली. तीन डाव मी तिथून हललेच नाही. समोरच्या बंकरवर मात्र अख्खा हॉपर, म्हणजे गनवरचा गोळ्यांचा डबा, रिकामा केला. दोनशे गोळ्या! त्यामागे कुणी होतं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मग बाजूने कुठून तरी एक गोळी उजव्या कोपरावर फुटली आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. त्या मैदानावरची (नाव घेत नाही) नेहमीची मंडळी खदाखदा हसली. तुम्ही मात्र मास्कच्या आडून विचारलंत, "कुठल्या गावची तू?"

मी म्हटलं, नाशिक. तुम्ही म्हणालात, "नाशिकची आहेस तर मग गप्प का बसतेस?" त्याचा अर्थ मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

आधी तुम्ही शिकवलंत ते बघणं. बाहेरच्या बाकावर ताकाची बाटली, दोन रिकामे पॉड (जादा गोळ्या कमरेला बांधून न्यायचे डबे) आणि तुमची किल्ली मांडलीत. विचारलंत, "तो तुला दिसत नव्हता, पण तू त्याला दिसत होतीस. असं कसं?" बंकर फक्त समोरून वाचवतो, हे एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मैदान १५० फूट लांब, १२० फूट रुंद, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं सारखं. पाच जण इकडे, पाच तिकडे. ज्याच्याशी आपण समोरासमोर आहोत, त्याला गोळी लागणं अवघडच, कारण दोघांनाही एकमेकांचा बंकर आड येतो. मारता येतं ते आडव्या कोनातून. तुम्ही कॅरमचं उदाहरण दिलंत: सोंगटी सरळ जात नसेल तर आपण हात दुखेपर्यंत सरळच मारत बसतो का? कट मारतो. माझं कोपर ज्याने टिपलं, तो मैदानाच्या पार दुसऱ्या कडेला होता. त्याच्या समोरच्या खेळाडूशी त्याचं काही देणंघेणंच नव्हतं, तो तिरका माझ्याकडे बघत होता.

तेव्हापासून नव्या बंकरमागे पोचले की मी आधी एकच विचारते, मी आत्ता कुणाकुणाला दिसतेय?

जागांचंही तसंच. इंटरनेटवर वाचून मी समजले होते की पुढचा, मधला, मागचा अशी बढतीची पायरी असते, नवख्याने मागे राहायचं आणि जमायला लागलं की पुढे जायचं. तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात मोडून काढलंत. तुम्ही स्वतः बॅक सेंटरला खेळता, सुरुवातीच्या गेटजवळच्या उंच बंकरमागे, आणि ती जागा नवख्याला देणं म्हणजे ज्याला गाव माहीत नाही त्याला पोस्टमन करणं, हे तुमचंच वाक्य. तिथून दोन्ही बाजू दिसतात. म्हणजे दोन्ही बाजूंचं तोंडाने सांगावं लागतं, आणि सांगता सांगता गोळ्यांची धार चालू ठेवावी लागते. तुमच्या कमरेला पाच-पाच पॉड असतात. एकात १४० गोळ्या, हॉपरमध्ये आणखी दोनशेच्या आसपास. तुम्ही एका डावात जेवढा रंग उडवता, तेवढा मी दिवसभर पुरवते.

मला तुम्ही पाठवलंत सापात. स्नेक हा शब्द मी तोवर ऐकला होता, पण "चल, सापात जा" असं तुम्ही म्हणालात तेव्हा जरा घाबरलेच. मैदानाच्या एका कडेला जमिनीलगत आडवे पडलेले ते फुगवलेले खांब, मांडीच्याही खाली उंचीचे. त्यांच्यामागे पोटावर सरपटत पुढे जायचं. माझी उंची पाच फुटांच्या आतबाहेर. शाळेत कबड्डीच्या संघातून त्यापायी मला काढलं होतं. तुम्ही मला पायांपासून डोक्यापर्यंत बघून म्हणालात, "देवाने सापासाठीच केलीय." समोरच्या कडेला डोरिटो, त्या चिप्ससारखे तिकोनी बंकर. तिथे उंच माणसाला गुडघ्यावर बसून, प्रसंगी उभं राहूनही खेळता येतं आणि एका तिकोनातून दुसऱ्यात धावत जाता येतं. आपला तो सहा फुटी बास्केटबॉलवाला तिथे शोभतो. तो सापात आला तर त्याचे निम्मे पाय बाहेर राहतील.

सापातून दिसतं काय, तर डोरिटोच्या बाजूची माणसं बाजूने दिसतात, आणि बरीच पुढे सरकलं तर त्यांच्या पाठीही. म्हणून सापातल्या माणसाने आपल्याच कडेच्या माणसाशी तासभर भांडत बसायचं नसतं. हे मी कितीदा विसरले! समोरच्या सापातल्या खेळाडूने एक गोळी डोक्यावरून सोडली की मला राग यायचा, मी त्याच्याच मागे लागायचे, आणि तिकडे सगळं मैदान मोकळं खेळायचं. तुम्ही मागून ओरडायचात, "भांडू नकोस, पलीकडे बघ!"

माझ्या मागच्या कोपऱ्यातला खेळाडू आणि आमच्या दोघांच्या मधला, यांचं महत्त्व मला उशिरा कळलं. कोपऱ्यातला समोरच्या सापाचं डोकं खाली दाबून ठेवतो, म्हणून तर मला सरकता येतं. आणि मी बाद झाले तर मधल्याने लगेच माझ्या जागी यायचं, जागा थंड होऊ द्यायची नाही. पुढचा गेला आणि मागचे तिथेच बसले, तर समोरचा माणूस निवांत चालत येतो. नवख्यांच्या संघाचे निम्मे डाव असेच हरतात, आम्ही तर सगळेच हरत होतो.

ब्रेकआउटचा, म्हणजे डाव सुटतानाच्या पहिल्या धावेचा, धडा सगळ्यात जास्त वेळ चालला. बझर वाजतो, गनची नळी गेटपासून सुटते, सगळे धावतात, आणि मी धावणाऱ्या माणसावर नेम धरायचे. तुम्ही म्हणालात, माणसावर नाही, वाटेवर. नळीतून सुटताना गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवावा लागतो आणि पुढे हवा तोही खाते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत धावणारा दोन ढांगा पुढे गेलेला असतो. म्हणून दोन बंकरांमधली फट आधी हेरून ठेवायची, छातीच्या उंचीवर धार धरायची आणि हात हलवायचा नाही. पळणारा आपल्या पायाने त्या धारेत येतो. यालाच लेन धरणं म्हणतात. हात न हलवणं हेच अवघड. डोळ्यासमोरून माणूस पळताना नळी त्याच्यामागे जातेच जाते. तुम्ही मला दोन रविवार फक्त एका फटीत गोळ्या मारायला लावलंत. पलीकडे पळायला कोण? तुम्ही. पन्नाशी उलटलेले, दुखऱ्या गुडघ्याचे. मी तुम्हाला नऊ वेळा रंगवलं आणि दर वेळी तुम्ही "शाब्बास" म्हणून परत धावलात. काकूंना हे माहीत नसेल तर आता झालं.

डाव्या हाताचं प्रकरण मात्र मला आजही आवडत नाही. बंकरच्या डाव्या कडेने डोकवायचं तर गन डाव्या हातात हवी, नाहीतर अर्धं अंग बाहेर येतं. तुम्ही घरी सराव करायला सांगितलंत. मी हवेची टाकी काढून आरशासमोर कपाटाच्या आडून डावीकडे झुकायचे, दोन बोटं ट्रिगरवर वाजवायचे आणि परत आत. माझ्या रूममेटला वाटलं मला काहीतरी झालंय. स्नॅप मारताना, म्हणजे झटकन डोकावून गोळ्या सोडताना, गन बाहेर आल्यावर वर करायची नाही, आधीच गालाला लावून ठेवायची आणि कमरेतून झुकायचं. दोन-तीन गोळ्या झाल्या की आत. तुम्ही "एक" म्हणायच्या आत मी परत आले नाही तर माझ्या हॉपरवर गोळी. हॉपरला लागली तरी माणूस बादच, हे मी तसंच शिकले.

एकदा मी रडकुंडीला आले होते. अख्खा दिवस सापात सरपटले, हातापायांचं सालटं गेलं, आणि सहा डावांत मिळून वीस गोळ्याही मारल्या नव्हत्या. वाटलं, मी नुसतीच भरती आहे. तेव्हा तुम्ही न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरची गोष्ट सांगितलीत. १९८१च्या जूनमध्ये बारा माणसं तिथल्या जंगलात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या गन घेऊन उतरली, तो या खेळाचा पहिला डाव. त्यात जिंकला तो जंगलखात्यात मुरलेला रिची व्हाइट, ज्याने सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. तुम्ही एवढंच म्हणालात आणि पेंटचा खोका सावलीत सरकवायला गेलात. (उन्हात गोळ्या फुगतात आणि नळीतच फुटतात, म्हणून तुमचा खोका कूलरमध्ये, बर्फाशिवाय. ताक वेगळ्या पिशवीत. मी एकदा दोन्ही एकत्र ठेवलं, त्याबद्दल परत एकदा माफी.)

आता गप्प बसण्याचं. या खेळात जो बोलत नाही तो निम्मा बाद, असं तुमचं मत. मला ओरडताच यायचं नाही. इंग्रजीत तर नाहीच. वाक्य जुळवेपर्यंत डाव संपायचा, आणि उच्चाराला कुणी हसेल ही धास्ती वेगळी. तुम्ही म्हणालात, मग मराठीत ओरड. मला वाटलं थट्टा करताय. पण तुम्ही सांगलीकडे तरुणपणी मध्यरक्षक म्हणून कबड्डी खेळलेले, तुमच्याकडे शब्द तयारच होते. "डावा कोपरा!" "मधला सरकला!" आणि समोरचा कुणी बाद झाला की "गेला!" दोन बाद झाले की "दोन गेले!" इतर संघ यासाठी खुणेचे शब्द ठरवतात, कारण समोरच्यांनाही इंग्रजी कळतं. आपल्याला काही ठरवावंच लागलं नाही. महिन्याभरात आपले तिघे टेक्सन भिडूही "गेला" म्हणायला लागले. त्यातला बास्केटबॉलवाला स्वतः बाद झाल्यावर डोक्यावर हात ठेवून "गेला! गेला!" करत बाहेर जायचा आणि तुम्ही भर डावात मागून त्याचं व्याकरण सुधारायचात, "गेलो म्हण रे, गेलो!"

बाद होऊन बाहेर जाण्यावरून आठवलं. त्या शनिवारी तुमच्या पाठीवरच्या पॉडवर गोळी फुटली होती. पंचाला दिसली नव्हती, आम्हालाही नाही. तुम्ही हात मागे नेऊन बोटं बघितलीत आणि निमूट चालू पडलात. तो डाव आपण त्यामुळेच हरलो. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

आणि तो नवख्यांचा सामना. चार लढतींपैकी चारही हरलो, ते जाऊ दे. पण तिसऱ्यातला तो एक गुण! मी सापात तिसऱ्या खांबापर्यंत पोचले होते, डोरिटोतल्या एकाच्या पाठीवर दोन गोळ्या बसल्या, आणि मागून तुमचा आवाज आला, "तीन गेले! तीन गेले! आता उठ!" मोजणी हातात असेल तर वेळ द्यायचा नाही, हे तुम्ही शंभरदा सांगितलं होतं. तीन गेले म्हणजे तीन कोन मोकळे, उरलेले दोघे अजून कुणी कुठे बघायचं ते ठरवतायत. आपले कमी असतील तेव्हा डाव रेंगाळवायचा, त्यांचे कमी असतील तेव्हा धावायचं. मी उठले. पोटावरची मी पायांवर उभी राहून धावले, एकाला त्याच्या बंकरच्या कडेवरून टिपलं, दुसरा कोपऱ्यातल्याने घेतला, आणि त्यांच्या गेटचा बझर मी इतक्या जोरात दाबला की मनगट आठवडाभर दुखलं. त्या पळण्यात मी काहीतरी ओरडत होते म्हणे. बास्केटबॉलवाल्याने विचारलं, तो कोणता कोड होता? तो कोड नव्हता काका, तो "आई गं"च होता.

पुढच्या महिन्यात नोकरीसाठी सिअ‍ॅटलला जातेय. तिकडे पाऊस असतो, मैदानं चिखलाची असतील. तुमचे गुडघ्याचे पॅड धुऊन वाळवून ठेवलेत, डावा थोडा उसवलाय, शिवून देते. दोन पॉडची झाकणं हरवली आहेत, त्यांचे पैसे घ्यायला तुम्ही नाही म्हणणार, म्हणून काकूंकडे दिलेत. रविवारी शेवटचं येतेय. बॅक सेंटरला तुम्हीच हवेत.

तुमची,
सापातली नाशिककर